परतीची वाट किती वेळ उघडी?

न्यूझीलंडमधल्या लेव्हिन गावी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं ग्रंथालय आहे. १९९९ मध्ये त्यांच्या हाताशी असलेलं सॉफ्टवेअर २००० सालच्या तारखा पेलणार नव्हतं. म्हणून काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून त्यांनी नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये त्यावर देवघेव सुरू केली आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवलं. तेच कोहा. न टळणारी तारीख डोक्यावर आणि सगळा कारभार एका प्रणालीवरून दुसरीवर न्यायचा, अशा निकडीतून ते जन्मलं. ते वापरणाऱ्या ग्रंथालयांवरही तशीच निकड अधूनमधून येते.

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांची ग्रंथालयं आज कोहावर चालतात. काही इन्फ्लिबनेटच्या सोल या प्रणालीवरून आली, काही थेट कागदी दाखल नोंदवहीवरून. पूर्वी सर्व्हर ग्रंथपालांच्या खोलीत टेबलाखाली असायचा; आता पुष्कळ ठिकाणी तो क्लाउडवर, भाड्याने घेतलेला असतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ग्रंथालय प्रणालीचं नाव आणि आवृत्ती भरावी लागते, त्यामुळे कोहाच्या आवृत्तीकडे लक्ष जातं. त्या आवृत्तीखाली जी ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी होत चाललेली असते, तिची चौकशी कोणी करत नाही. आणि मग एके दिवशी प्रश्न येतोच: आहे त्याच सर्व्हरवर अपग्रेड करायचं, की नवा सर्व्हर घेऊन सगळं तिकडे हलवायचं?

पुढच्या संवादातली दोन माणसं मी कल्पिली आहेत. एक ग्रंथपाल, आणि एक अभियंता, जो याच महाविद्यालयात शिकला आणि आता तिथला सर्व्हर सांभाळतो. त्यांचे मुद्दे मात्र कल्पित नाहीत. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातली कोणतीही बाजू अडाणीपणाची नाही.

अभियंता: मॅडम, आपला सर्व्हर उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. त्याचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आता आपोआप येत नाहीत, आणि यात सगळ्या मुलांचे पत्ते, फोन नंबर आहेत. मी नवा सर्व्हर घेतो, त्यावर २४.०४ टाकतो, ताजं कोहा बसवतो आणि डेटा तिकडे नेतो. जुन्याला हातही लावत नाही.

ग्रंथपाल: अरे, पण आजवर अपग्रेड तिथल्या तिथेच होत आलं ना? मुलं मधल्या सुट्टीत होती तेवढ्यात झालं आणि काउंटर पुन्हा सुरू. मग आताच एवढा खटाटोप कशाला?

अभियंता: ते फक्त कोहाचं अपग्रेड होतं. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, पॅकेज बदललं की डेटाबेसची रचना ते स्वतःच पायरीपायरीने बदलून घेतं. या वेळी खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आहे. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ वर थांबावंच लागतं. दोन्ही टप्प्यांवर पर्ल भाषेची आवृत्ती बदलते, मारियाडीबी डेटाबेसची बदलते, आणि कोहासारख्या बाहेरच्या पॅकेजांचे स्रोत ती सिस्टिम मध्येच बंद करून टाकते. दुसऱ्या टप्प्यावर काही अडलं तर आपण जुन्यावरही नसतो आणि नव्यावरही नसतो.

ग्रंथपाल: म्हणून तर स्नॅपशॉट घेतात. अडलं तर स्नॅपशॉटवरून होतं तसं करायचं.

अभियंता: होतं तसं करता येईल. पण तोवर ग्रंथालय बंद, आणि माझ्या डोक्यावर घड्याळ. नवा सर्व्हर बाजूला असला तर मी पुन्हा पुन्हा करून बघू शकतो. मला चुकायला मोकळीक मिळते आणि काउंटरवर कुणाला त्याची झळ लागत नाही.

इथे मला अभियंत्याच्या बाजूने एक भर घालायची आहे. ही मोकळीक पूर्वी नव्हती. दुसरा सर्व्हर म्हणजे तीन कोटेशनं, खरेदी समिती, प्राचार्यांची सही, आणि मंजुरी मिळेपर्यंत उलटलेलं आर्थिक वर्ष. एका यंत्रावर चालू असलेलं काम न थांबवता दुसऱ्यावर तालीम करणं मोठ्या बँकांनाच परवडायचं. क्लाउडवर भाडं तासावर असतं. दोन-तीन आठवडे दोन सर्व्हर चालवले तरी लहान महाविद्यालयाला तो खर्च झेपतो. छोट्या संस्थेला मोठ्या संस्थेसारखी सावधगिरी बाळगता येणं, हा मला क्लाउडचा सर्वांत मोठा उपकार वाटतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो वापरलाच जात नाही.

ग्रंथपाल मात्र एवढ्यावर मानणाऱ्यांतल्या नाहीत.

ग्रंथपाल: तुझा नवा सर्व्हर कोरा असणार. जुन्याला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, आणि त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. घर बदलताना सामान ट्रकमधून येतं, दूधवाल्याला तोंडी सांगून ठेवलेलं ट्रकमधून येत नाही.

अभियंता: कोहाची सोय आहे ना. डम्प घेतला की दोन फाइली मिळतात. एकात सगळा डेटाबेस, दुसऱ्यात आपल्या ग्रंथालयाची कॉन्फिगरेशन आणि अपलोड केलेल्या फाइली. नव्या सर्व्हरवर रिस्टोर केलं की झालं.

ग्रंथपाल: मला सांग, ‘कादंबऱ्या’ हा शब्द तू कसा टाइप करतोस?

अभियंता: म्हणजे?

ग्रंथपाल: त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा र येतो. दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. आमच्याकडे जुन्या नोंदी एका तऱ्हेने टाइप झाल्यात, नव्या दुसऱ्या. पूर्वी ‘कादंबऱ्या’ शोधलं की अर्धीच पुस्तकं यायची. तुझ्या आधी जो मुलगा होता त्याने झेब्राच्या सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि ते थांबलं. काय केलं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. तुझ्या डम्पमध्ये ते येणार का?

अभियंता अर्थातच सर्व्हरवर जाऊन बघतो. कोहामध्ये पुस्तकांचा शोध बहुतेक ठिकाणी झेब्रा नावाच्या शोधयंत्रणेवर चालतो. तिचा मूळ साचा रोमन लिपीसाठी बरा आहे. देवनागरीसाठी अनुक्रमणी आयसीयू पद्धतीची करावी लागते आणि अक्षरं सारखी करून घेण्याचे नियम वेगळ्या फाइलींत लिहावे लागतात. त्या फाइली साऱ्या सर्व्हरच्या सामाईक जागेत असतात. डम्प घेतो तो फक्त त्या एका ग्रंथालयाच्या फोल्डरचा. म्हणजे मॅडमची शंका रास्त होती. सगळ्या नोंदी नव्या सर्व्हरवर पोचल्या असत्या, आकडा शेवटच्या पुस्तकापर्यंत जुळला असता, आणि तरी मराठी विभागाची निम्मी पुस्तकं शोधात सापडली नसती.

अभियंता: मान्य. हे राहिलं असतं.

ग्रंथपाल: आणखी बघ. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ ओपॅकवरून, मुलांच्या ऑनलाइन सूचीवरून, उघडतात. त्या कोहामध्ये अपलोड केलेल्या नाहीत, सर्व्हरवरच कुठल्यातरी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात. दाराजवळच्या यंत्रावर मुलं स्वतः पुस्तक परत करतात, ते यंत्र सर्व्हरला नावाने ओळखतं की आयपी क्रमांकाने, मला माहीत नाही.

अभियंता: क्रमांकानेच असणार. आणि घड्याळही बघायला हवं. क्लाउडचे नवे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. ते बदलायचं राहिलं तर सकाळी अकराला परत आलेलं पुस्तक नोंदीत साडेपाचला आलेलं दिसेल, आणि दंडाचा दिवस मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बदलेल. मेलचंही तसंच. बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या सर्व्हरला पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवरून मेल पाठवू देत नाहीत. मुदत संपल्याची पत्रं रांगेत साचत राहतील आणि आपल्याला वाटेल की गेली.

ग्रंथपाल: मग मी तेच म्हणते. जुन्यावरच कर. हे सगळं जागच्या जागी राहील.

अभियंता: मॅडम, मी उलट म्हणतो. हे सगळं आज रात्री नाहीसं झालं तर?

संवाद इथे वळतो. ग्रंथपालांनी दिलेली यादी जुन्याच सर्व्हरवर राहण्यासाठी पुरेसं कारण वाटते. अभियंता तीच यादी हलण्याचं कारण म्हणून वाचतो, आणि मला त्याचं वाचन अधिक खरं वाटतं. जे एकाच यंत्रावर आहे आणि कागदावर नाही, ते त्या यंत्राच्या आयुष्याएवढंच जगणार.

अभियंता: कोहा रोज रात्री स्वतःहून बॅकअप घेतं. पण मुद्दाम बदललं नाही तर दोनच दिवसांचे ठेवतं, आणि ठेवतं त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. डिस्क गेली की बॅकअपही गेला. आपण तो रोज दुसरीकडे नेतो, ठीक. पण त्या फाइली कोऱ्या यंत्रावर उघडून बघितल्यात का कधी? २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. मग त्यांनी बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे काम रोज अयशस्वी व्हायचं. तसं कळवणारी मेलही पोचत नव्हती. योगायोगाने एकाने चाचणीसाठी सहा तास आधी हाताने स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर ते सावरले. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच. एवढ्या जाणकार लोकांचं हे झालं. आपण नव्या सर्व्हरवर गेलो तर निदान आपला बॅकअप खरा आहे की नाही ते कळेल, तेही जुना सर्व्हर जिवंत असताना.

ग्रंथपाल: हे मला पटतं. पण मग ते स्थलांतर म्हणून करू नकोस. आधी तालीम म्हणून कर. तालमीत काय काय हाताने करावं लागलं ते एकेक करून लिही. मराठीत लिही, म्हणजे तू नसताना मला वाचता येईल.

अभियंता: लिहितो. तालमीतला एक धोका आधीच सांगून ठेवतो. डेटाबेसची प्रत नव्या सर्व्हरवर उघडली की तिच्यात न गेलेली पत्रंही असतात. चाचणीच्या सर्व्हरवर मेल चालू राहिली तर मुलांना दोन-दोन पत्रं जातील. पुस्तक परत केलेल्या मुलालाही जातील, कारण प्रत शुक्रवारची आणि त्याने पुस्तक दिलं शनिवारी. म्हणून कोहाची मेल आधी बंद करायची, मग प्रत उघडायची. हा क्रम चुकता कामा नये.

ग्रंथपाल: आणि तपासणार कसं? तू म्हणशील नोंदी मोजतो.

अभियंता: शीर्षकं, प्रती, सभासद, सध्या बाहेर असलेली पुस्तकं, थकलेला दंड. जुन्यावर आणि नव्यावर आकडे सारखे यायला हवेत.

ग्रंथपाल: आकडे जुळले म्हणजे ग्रंथालय चाललं असं नाही. आमच्या कॉमर्सच्या सरांनी टीएसबी बँकेचं सांगितलं होतं. ब्रिटनमधली बँक. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी त्यांनी ५२ लाख ग्राहकांची खाती आधीच्या मालक लॉइड्स बँकेच्या प्रणालीवरून तेव्हाच्या मालक सबाडेल बँकेच्या नव्या प्रणालीवर नेली. डेटा नीट पोचला, नियामकांनीच तसं म्हटलंय. पण ज्या प्रणालीवर तो उतरला ती ग्राहकांचा भार घेईना. १९ लाख लोकांना आपलं खातं उघडता येईना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. आकडे त्यांचेही जुळलेच असतील.

अभियंता: मग तुम्ही काय तपासाल?

ग्रंथपाल: ‘कोसला’ शोधेन, मराठीतून आणि रोमन अक्षरांतून. ‘कादंबऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी. बुक बँकेचं पुस्तक देऊन बघेन, त्याची मुदत सत्र संपेपर्यंतची यायला हवी. एम.ए.च्या मुलीला, बी.एस्सी.च्या मुलाला आणि एका प्राध्यापकाला पुस्तक देईन, तिघांचे नियम वेगळे आहेत. ज्याचा दंड थकलाय त्याचं ना-देय प्रमाणपत्र काढायचा प्रयत्न करीन, ते अडायला हवं. बारकोडची एक पट्टी छापून स्कॅनरखाली धरीन. आणि हे सगळं काउंटरवरच्या लिपिकाला करायला लावीन, मी नाही करणार. मी त्याच्या शेजारी बसेन.

अभियंता: ही यादी मला हवी आहे.

ग्रंथपाल: देते. आता माझा खरा आक्षेप ऐक.

या आक्षेपासाठीच हा लेख लिहावासा वाटला. वरच्या सगळ्या अडचणी तालमीने सुटतात. ही तालमीने सुटत नाही.

ग्रंथपाल: तुझं सगळं म्हणणं एका वाक्यावर उभं आहे: बिघडलं तर परत जुन्यावर जाऊ. आता समज, सोमवारी सकाळी अकराला आपण नव्यावर काउंटर उघडला. पहिल्या मुलीने पुस्तक नेलं. त्या क्षणी जुन्या सर्व्हरच्या लेखी ते पुस्तक कपाटातच आहे. दुसरा मुलगा आला, शेवटच्या वर्षाचा. त्याने चार पुस्तकं परत केली, दंड भरला, ना-देय प्रमाणपत्र घेतलं, कार्यालयात जाऊन दाखला घेतला आणि दुपारच्या एसटीने गावी गेला. तीन वाजता तू येऊन सांगतोस, मॅडम, गडबड आहे, जुन्यावर परत जाऊ. गेलो. आता त्या मुलाच्या नावावर चार पुस्तकं आहेत, दंड आहे, आणि आठवड्याने त्याच्या घरी पत्र जाणार. परत जाणं म्हणजे काय ते कळलं का? सर्व्हर परत जाईल, पण मुलांना कशी परत नेणार?

अभियंता: कोहा प्रत्येक देवघेव सांख्यिकीच्या तक्त्यात नोंदवतं. कोणतं पुस्तक, कोणता सभासद, किती वाजता. अकरा ते तीनमधलं सगळं काढून जुन्यावर पुन्हा भरता येईल.

ग्रंथपाल: भरणार कोण?

अभियंता: ...

ग्रंथपाल: आम्ही. काउंटरवर रांग, आणि मागच्या टेबलावर आम्ही चार तासांचं पुन्हा भरतोय. तेवढ्यात नवी मुलं येतातच आहेत. तू परतीची वाट उघडी म्हणतोस, आणि ती पहिल्या इश्यूपासून दर मिनिटाला बंद होत जाते.

अभियंता: म्हणजे परतीला मुदत हवी.

ग्रंथपाल: आधी ठरवलेली. त्या दिवशी ठरवायला गेलं तर कुणालाच ठरवता येत नाही. ‘अजून अर्धा तास बघू’ करत संध्याकाळ होते.

अभियंता: मग दोन वाजता. दोनपर्यंत परत जाण्याजोगं काही सापडलं तर जायचं. दोननंतर काहीही झालं तरी नव्यावरच दुरुस्त करायचं. पण ‘परत जाण्याजोगं’ म्हणजे काय तेही आधी ठरायला हवं.

ग्रंथपाल: मराठी शोध बिघडला तर परत.

अभियंता: नाही, तिथे माझा विरोध आहे. शोधाची अनुक्रमणी मूळ नोंदींवरून तयार होते. बिघडली तर पुसून नव्याने करता येते, मूळ नोंदींना काही होत नाही. ओपॅकचं रूप, मेल, प्रश्नपत्रिका, हे सगळं नव्यावरच दुरुस्त करता येतं. परत जायचं फक्त एकाच कारणाने, मूळ नोंदी चुकीच्या लिहिल्या जात असतील तर. पुस्तक एकाने नेलं आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर पडली. परतीची नोंद झाली पण पुस्तक नावावरच राहिलं. दंड चुकीचा लागला.

ग्रंथपाल: दिवसभर मराठी पुस्तक सापडत नाही, हे तुला चालेल?

अभियंता: चालणार नाही. पण ते संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल. चुकीच्या नोंदी मात्र रोज वाढत जातील, आणि महिन्याने कुठली खरी, कुठली खोटी ते कुणालाच सांगता येणार नाही.

मला इथे अभियंत्याचं बरोबर वाटतं. डोळ्यांना पटकन दिसणारा बिघाड आणि खरं नुकसान करणारा बिघाड पुष्कळदा वेगवेगळे असतात. ओपॅकचं पान वेडंवाकडं दिसलं की फोन येतात. परतीची नोंद चुकली तर कुणाचा फोन येत नाही. असं एक दुखणं कोहा वापरणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. मारियाडीबीच्या १०.२.४ पूर्वीच्या आवृत्त्यांत पुढचा नोंद क्रमांक कोणता, हे फक्त स्मृतीत असायचं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो क्रमांक चालू तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून पुन्हा मोजला जायचा, आणि पुस्तक परत आल्यावर जुन्या तक्त्यात गेलेल्या देवघेवीचा क्रमांक नव्या देवघेवीला मिळायचा. मग ते पुस्तक परत करताना अडायचं. डेटाबेस नवा केला की दोष पुढे होत नाही, पण झालेल्या दुहेरी नोंदी डेटात असतात आणि त्या नव्या सर्व्हरवरही सोबत येतात. कोहाच्या ‘माहिती’ पानावर त्यांचा इशारा दिसतो. स्थलांतराआधी ते पान उघडून बघावं आणि आधी जुन्यावरच सफाई करावी. नव्या यंत्राने जुना डेटा निरोगी होत नाही, हे ग्रंथपालांच्या बाजूने सांगायलाच हवं.

राहिला प्रश्न दिवसाचा. तो दोघांत लवकर मिटतो. प्रवेशाच्या दिवसांत नाही, परीक्षा अर्जांच्या वेळी नाही, ना-देय प्रमाणपत्रांच्या गर्दीत तर मुळीच नाही. दिवाळीची सुट्टी संपायच्या आधीचा शनिवार ठरतो. संध्याकाळी काउंटर बंद, मग शेवटचा डम्प, रविवारी तपासणी, सोमवारी सकाळी सुट्टीतली तुरळक मुलं येतील त्यांच्यावर सुरुवात.

अभियंता: सर्व्हरच्या नावाच्या डीएनएस नोंदीची मुदत मी आधीच्या आठवड्यात कमी करून ठेवतो. आता ती चोवीस तासांची आहे. पाच मिनिटांवर आणली की नाव नव्या सर्व्हरकडे लगेच वळेल.

ग्रंथपाल: नाव वळेल. पण आतल्या काउंटरच्या संगणकावर बुकमार्कमध्ये आयपी क्रमांक आहे. ती बाई रोज त्यावरच उघडते. तुझं नाव वळेल आणि ती जुन्यावरच इश्यू करत बसेल, दोन्ही काउंटर वेगवेगळ्या सर्व्हरवर.

अभियंता: म्हणून शनिवारी शेवटचा डम्प घ्यायच्या आधीच जुना कोहा बंद करतो. सर्व्हर चालू राहील, पण कोहा उघडणार नाही. जुना पत्ता उघडला तर लगेच कळेल. डम्प घेतल्यावर जुन्यावर एकही नोंद पडली तर ती कायमची गेली, म्हणून आधी बंद, मग डम्प.

ग्रंथपाल: सोमवारी दोन वाजेपर्यंत मी काउंटरवर कागदी रजिस्टरही ठेवणार. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिलं की घेतलं, वेळ. परत जायची वेळ आली तर तुझ्या तक्त्यावर मी विसंबणार नाही. नोंदीच चुकत असतील म्हणून परत जायचं, आणि पुन्हा भरायचं त्याच नोंदींवरून, हे बरोबर नाही.

अभियंता: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ग्रंथपाल: आणि परत जायचं की नाही ते मी सांगेन. तू काय दिसतंय ते सांगायचं, निर्णय माझा. प्राचार्यांना तसं आधी लेखी देते.

अभियंता: चालेल. दोनपर्यंत निर्णय तुमचा. दोननंतर तुम्हीही ‘परत’ म्हणायचं नाही.

ग्रंथपाल: नाही म्हणणार. आता जुना सर्व्हर. तो मला मेमधल्या साठा पडताळणीपर्यंत हवा.

अभियंता: एवढे महिने? त्याला दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून तर आपण निघालो. शिवाय वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. मुलांची माहिती कारण नसताना दोन ठिकाणी ठेवायची नाही. मी महिन्याने पाडणार, स्नॅपशॉटसकट.

ग्रंथपाल: कारण आहे. पडताळणीत एखादं पुस्तक सापडलं नाही की पहिला प्रश्न हाच येणार, नोंद स्थलांतरात हरवली की पुस्तक खरंच गेलं. तेव्हा जुनं कुठे बघू?

अभियंता: त्यासाठी सर्व्हर चालू नको. शेवटचा डम्प कुलूपबंद करून ठेवतो, पासवर्ड तुमच्याकडे आणि कार्यालयात. पडताळणी झाली की तोही पुसायचा.

ग्रंथपाल: तो डम्प उघडतो हे मला कसं कळणार? तूच तर गिटलॅबचं सांगितलंस.

अभियंता: नव्या सर्व्हरवर त्याच डम्पवरून तर सगळं आलं.

ग्रंथपाल: ते कुलूप लावायच्या आधी. कुलूप लावलेली फाइल घे, तिसरा कोरा सर्व्हर घे, मेल बंद ठेव, माझा पासवर्ड वापरून उघड, आणि मला एका जुन्या मुलाचं खातं दाखव. मग जुना पाड.

अभियंता: तिसऱ्या सर्व्हरचं भाडं काही तासांचंच होईल.

ग्रंथपाल: ते मी ग्रंथालयाच्या खर्चात टाकते. बिलावर कारण लिहून दे.